भैरोबाचा ॲव्होकाडो

अंथुर्ण्याच्या गेणबा आबांनी विहिरीकडचा ऊस मोडून ॲव्होकाडो लावला आणि त्यांच्या घरात कुऱ्हाडीचा विषय वरचेवर निघू लागला. तो त्यांची बायको, मुक्ताबाई, काढत.

"घरात खाता येत न्हाय ते रानात कशाला? पयलं फळ येऊ द्या. मी खाऊन बघीन. न्हाय रुचलं, तर झाडांवर कुऱ्हाड."

आबा घरातले कर्ते पुरुष होते. म्हणजे सह्या ते करत, बाकीचं मुक्ताबाई ठरवत.

फळ आलं, पण झाडावर पिकायचं नाव घेईना. मग आबांनी आंब्यासारखी काडात आढी घातली आणि जाता-येता अंगठ्यानं दाबून बघू लागले. आल्यागेल्यानंही दाबलं. शेवटी फळ पिकून मऊ झालं की दाबून, हे आढीलाही सांगता आलं नसतं.

सून रोहिणी बारामतीची. तिनं मोबाइलवर ॲव्होकाडोचं 'डिप' कसं करायचं ते बघून घेतलं होतं. फळं चिरली, बिया काढल्या, चमच्यानं गर खरवडला. त्यात लिंबू पिळलं, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं वाटून घातलं, थोडा चक्का टाकला आणि रवीनं घुसळलं. आबांनी पान लावून तोंडात टाकेपर्यंत पातेल्यात पोपटी लोणी तयार.

"मीठ बघ की जरा," आबा म्हणाले. त्यांना राहवत नव्हतं.

"कुणी बघायचं न्हाय," मुक्ताबाईंनी चमचा काढून घेतला. "रानातलं नवं काय बी आधी भैरोबाला. जीभ लागली की उष्टं झालं."

रोहिणीनं डबा भरून आबांच्या हातात दिला. "आबा, झाकण उघडू नका. वारं लागलं की काळं पडतंय."

"मी कशाला उघडतोय?" म्हणत आबा निघाले आणि पहिल्याच वळणावर त्यांनी उघडून बघितलं. हिरवं होतं. जीव भांड्यात पडला.

देवळात दत्तोबा गुरव नव्हता. लाईट आली म्हणून मोटर चालू करायला रानात पळाला होता. लाईट आली की अंथुर्ण्यात देवालाही थांबावं लागतं. आबा पायरीवर बसले, उठले, घंटा वाजवली, परत बसले. फोन लावला.

"दत्तोबा, ये की लेका!"

"आलोच आबा, येवढं पाण्याचं दारं धरतो नि आलोच."

आबांनी झाकण उघडलं. कडेला जरा सावळं वाटलं. देवळातल्या सावलीनं वाटत असेल म्हणून डबा उन्हात नेला. उन्हात जास्तच सावळं दिसलं. मघाशी एवढं होतं का, हे आठवेना, म्हणून परत उघडून बघितलं.

इतक्यात दुधाची किटली घेऊन गावातला अजित मोटारसायकलवरून आला. "काय आबा, चटणी?"

"डिप हाय."

"म्हंजी?"

"बुडवून खायाचं."

"आमी रोज च्यात टोस्ट बुडवून खातो, पण देवाला कधी दावला न्हाय. बघू तरी!"

बघू दिलं. त्यानं नाकही आत घातलं. आबांनी डबा हिसकावून घेतला. "वास घेऊ नगं, नैवेद्य हाय!"

दत्तोबा आला तेव्हा त्याचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते. त्यानं पाय धुतले, डबा उघडला आणि बराच वेळ बघत राहिला.

"आबा, हे आसंच आसतंय?"

"आसंच."

"देव काय म्हनंल?"

"तू दाव तर."

देव काही बोलला नाही. आबांना तेवढाच आधार वाटला.

घरी रोहिणीनं झाकण काढलं आणि सासऱ्यांकडं बघितलं. "उघडलं व्हतं?"

"दत्तोबानं उघडलं." हे खोटं नव्हतं.

मुक्ताबाईंनी डब्यात डोकावून एकदा नवऱ्याकडं बघितलं. आबांना कोपऱ्यातली कुऱ्हाड आज जरा जास्तच घासलेली दिसली. मग बाईंनी चमचा घेतला आणि दुधावरची साय सारावी तसा वरचा काळा थर बाजूला सारला. खाली सगळं पोपटी. भाकरीचा तुकडा मोडला, बुडवला, तोंडात टाकला. आबा त्यांच्या जबड्याकडं बघत राहिले. दुसरा तुकडा गेला.

"मीठ कमी हाय."

रोहिणीनं मीठ दिलं. तिसरा तुकडा. आबा दारापर्यंत गेले, परत आले.

"कसं हाय?"

"खाऊ द्या की मला."

चतकोर भाकरी संपली. मुक्ताबाईंनी फडताळातली एक वाटी काढली, काठोकाठ भरली, वर ताटली ठेवली. "ही सारजाला देऊन या."

सारजा म्हणजे शेजारीण. लग्नातल्या जिलबीलाही नावं ठेवणारी, आणि ती गावभर ऐकवणारी. तिच्या दारात मुक्ताबाईंनी आजवर बेचव वाटी धाडली नव्हती. आबांच्या ध्यानात आलं. पण बायकोनं ते तोंडानं म्हणावं, एवढी त्यांची हौस.

"मंग झाडांचं कसं करायचं?"

"झाडांना काय झालंय?" मुक्ताबाई म्हणाल्या, आणि डब्याच्या कडेनं बोट फिरवून चाटू लागल्या.