मो गेर्ने, विहीणबाई

प्रबोध देवस्थळींच्या लेकीने, ऋताने, लग्न ठरवलं ते मिकेल नावाच्या डॅनिश मुलाशी. मुलाची आई कर्स्टन सिंगापूरला येणार म्हटल्यावर बँकेतल्या या गृहस्थांनी मनावर घेतलं, की विहीणबाईंशी त्यांच्याच भाषेत बोलायचं. पण डॅनिश ऐकली आणि त्यांचा धीर सुटला. अर्धा शब्द तोंडात, अर्धा घशात! त्यापेक्षा नॉर्वेजियन स्वच्छ वाटली. "लिहायला जवळजवळ सारखीच तर आहे," असं म्हणत त्यांनी फोनवर नॉर्वेजियनचे धडे उरकले.

"बाबा, इंग्लिश बोला ना, सगळ्यांना येतं लाह," ऋता सिंगापुरी ढंगात कळवळून म्हणाली. पण ऐकतील ते प्रबोधराव कसले!

सिंगापूरच्या ईस्ट कोस्ट भागात मिकेलच्या कॉन्डोतल्या, म्हणजे बंदिस्त संकुलातल्या, फ्लॅटवर जेवण होतं. कर्स्टनबाई शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. पाहुणा आपली भाषा शिकलाय म्हटल्यावर त्या हरखल्या आणि सावकाश, तोडून तोडून डॅनिश बोलू लागल्या. हेरिंग मासळीचं गोडूस लोणचं पुढे करत त्या म्हणाल्या, "मो गेर्ने." हाताची खूण आणखी घ्या अशी.

प्रबोधरावांनी मनात धडा आठवला. 'मो' म्हणजे 'पाहिजेच', 'गेर्ने' म्हणजे 'आनंदाने'. आनंदाने खाल्लंच पाहिजे! कच्च्या मासळीचा वास नाकात भिनत होता, तरी त्यांनी हसऱ्या चेहऱ्याने तुकडा गिळला. बशी रिकामी होताच पुन्हा मो गेर्ने, पुन्हा तुकडा.

"अहो, पुरे की," मधुवंतीबाई, त्यांच्या पत्नी, पुटपुटल्या.

"हुकूम आहे. लेकीच्या संसाराचा प्रश्न आहे."

जेवण झाल्यावर बाईंनी खालच्या स्विमिंग पूलकडे बोट दाखवलं. पोहायचं असेल तर, मो गेर्ने. प्रबोधराव निमूटपणे उठले, जावयाची ढगळ चड्डी कमरेशी घट्ट धरून पाण्यात उतरले आणि काठाला चिकटून राहिले. वरून कर्स्टनबाई मुलाला म्हणत होत्या, "किती मोकळा माणूस!"

ते ओले केस पुसत वर आले, तेव्हा कुणीतरी बाईंना सांगितलेलं, की प्रबोधराव गातात. बाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "मो गेर्ने!"

"नाही गाणार!" प्रबोधरावांचा बांध फुटला आणि ते इंग्रजीवर आले. "खाल्लं, पोहलो. आता आणखी किती सक्ती?"

"सक्ती?" बाई थक्क झाल्या. मग हे शिकलेत ते नॉर्वेजियन, असा उलगडा झाला आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही भाषांची आई असलेल्या जुन्या नॉर्समध्ये हा 'मो' होता 'मा', आणि अर्थ नुसता 'शकणे', त्या सांगू लागल्या. पुढे नॉर्वेत त्याची मुख्यतः सक्ती झाली, डेन्मार्कात बहुतेकदा परवानगी. आणि 'गेर्ने' जोडलं की निव्वळ मुभा. हवं तर घ्या, नको तर राहू द्या.

"म्हणजे ती मासळी...?"

"मला वाटलं, तुम्हाला फार आवडते! मी आणखी दोन बरण्या मागवल्यात."

प्रबोधरावांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाले, "आमचं 'पाहिजे' तरी काय वेगळं? मूळ 'पाहणे'. ज्याची वाट पाहायची, जे शोधायचं, तेच पुढे गरज होऊन बसलं."

बाईंना हे इतकं आवडलं, की त्या 'पाहिजे' घोकू लागल्या. तेवढ्यात मधुवंतीबाईंनी घरून आणलेल्या श्रीखंडाची वाटी त्यांच्यापुढे ठेवली. त्या नको नको म्हणत असतानाच वाटीत आणखी दोन चमचे पडले.

"घ्यावंच लागेल," मधुवंतीबाई म्हणाल्या.

"ही मुभा आहे का?" कर्स्टनबाईंनी हळूच विचारलं.

"छे हो," प्रबोधराव म्हणाले, "ही मात्र शुद्ध सक्ती."

बाईंनी मुकाट्याने चमचा उचलला.