चॅपलच्या चढावरचे चरे

मी एक जुनी लष्करी गाडी आहे. मला चाके आहेत, पण ती जमिनीला टेकत नाहीत. ती लोखंडी कड्यांच्या दोन लांब पट्ट्यांवर फिरतात. डोक्यावर छप्पर नाही. पुढे दोन माणसे बसतात, मागे दोन्ही बाजूंना सामान राहते आणि मधोमध माझे इंजिन गुरगुरते. लोक मला कॅरिअर म्हणतात. मित्रांनो, मला रणगाडा समजून माझ्यासमोर फोटो काढून घेणारे पुष्कळ भेटतात. मी रणगाडा नाही. मी ओझी वाहणारी गाडी आहे आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

१९४१ साली माझी जोडणी झाली. कारखान्यातले बहुतेक पुरुष युद्धावर गेले होते, त्यामुळे माझे बोल्ट बायकांनी आवळले. त्यांतली एक प्रत्येक बोल्ट दोनदा तपासायची आणि वेळ लावते म्हणून मुकादमाची बोलणी खायची. तिचे नाव मला कळले नाही. तिने आवळलेले काही बोल्ट अजून जागचे हललेले नाहीत.

खरे सांगायचे तर मी लढाई पाहिली नाही. सरावाच्या माळरानावर मी तोफगोळ्यांच्या पेट्या, ओली घोंगडी आणि चहाचे पिंप वाहिले. युद्ध संपल्यावर लिलावात मला वीअर नदीच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाने घेतले. बारा हिवाळे मी त्याच्या मेंढ्यांसाठी डोंगरावर गवताचे भारे नेले. मग ट्रॅक्टर आला. मला गोठ्यात ढकलले आणि मी चाळीस वर्षे तिथेच राहिले. माझ्या बैठकीवर कोंबड्या अंडी घालत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तेवढीच ऊब होती.

तिथून मला नोरा पर्टने बाहेर काढले. नोरा या खोऱ्यात एकतीस वर्षे शाळेची बस चालवत होती. निवृत्त झाल्यावर माणसे बागेत गुलाब लावतात, हिने मला अंगणात आणून ठेवले. सात वर्षे ती माझा एकेक भाग सुटा करून, घासून, पुन्हा बसवत होती. समोरच्या आळीत राहणारा आयझॅक नॅट्रस घोड्यांना नाल मारण्याचे काम करतो. तो येता-जाता कुंपणावर रेलून विचारायचा, हे भंगार चालायला लागेल तेव्हा आपण दोघे हयात असू का. आणि विचारून झाले की आत येऊन तिला हातोडी द्यायचा.

मी चालू लागले. रस्ते खात्याने परवाना दिला, पण अट घातली: पट्ट्यांना टोकदार किंवा उंच काहीही नको, डांबराला चरा पडता कामा नये. नोराने माझी प्रत्येक कडी घासून गुळगुळीत केली. जत्रेत, मिरवणुकीत लोक माझे कौतुक करू लागले. माझे पट्टे इतके सफाईदार दिसत की मुले त्यांवरून हात फिरवत. तीच आमची चूक होती, पण हे कळायला हिवाळा यावा लागला.

त्या जानेवारीत आधी बर्फ पडले, मग त्यावर पाऊस झाला आणि एका रात्रीत सगळे गोठले. विजेच्या तारा बर्फाच्या भाराने तुटल्या. आमच्या गावापासून तीन मैल वर, शेवटच्या घरात डायना कोल्टहार्ड एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, फुप्फुसे कमजोर. त्यांना प्राणवायू देणारे यंत्र विजेवर चालते. ते बंद पडले होते. जवळ होता तो एक सिलिंडर दुपारी अडीचपर्यंत पुरणार होता.

गावातल्या दवाखान्यात दोन मोठे सिलिंडर होते. न्यायचे कसे, हा प्रश्न होता. धुके इतके खाली उतरले होते की हेलिकॉप्टर येणे शक्य नव्हते. दोन ट्रॅक्टर निघाले. एक खड्ड्यात गेला, दुसरा मागे फिरला. नोराने डायनाबाईंना फोन केला आणि आम्ही येतोय, घाबरू नका, असे सांगितले. पलीकडून सावकाश उत्तर आले, "घाई करू नकोस. मी कुठे जात नाहीये."

बर्फात घसरू नये म्हणून बसच्या चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय नोरा कधी अंगणाबाहेर पडली नव्हती. माझ्या बाबतीत तिला तसे काही करावेसे वाटले नाही. हिला तर पट्टेच आहेत, असे ती दवाखान्यातल्या नर्सला म्हणाली. सिलिंडर घोंगड्यांत गुंडाळून माझ्या मागच्या कप्प्यांत बांधले गेले आणि अकरा वाजता आम्ही निघालो.

भुसभुशीत बर्फावर मी मजेत चालले. मला मेंढ्यांचे दिवस आठवले. मग चॅपलचा, म्हणजे छोट्या प्रार्थनाघराजवळचा, चढ आला. तिथे झऱ्याचे पाणी रस्त्यावरून वाहते, आणि त्या दिवशी त्याची काच झाली होती. नोराने सुकाणू जरासे वळवले. मला वळवायचे म्हणजे एका बाजूचा पट्टा रोखायचा. तो थांबला, पण मी थांबले नाही. चार टनांची मी, आधी रस्त्याला आडवी झाले, मग तोंड उलट दिशेला वळून घसरत गेले आणि चढाच्या पायथ्याशी आयझॅकच्या दुकानासमोरच्या दगडी भिंतीवर जाऊन आदळले. नोराला लागले नाही. सिलिंडर शाबूत होते. माझी डावी कड चेपली.

आयझॅक दारातूनच म्हणाला, "वा. बस चालवायचीस तेव्हा एवढी गंमत नव्हती, पोरी."

नोरा त्रेसष्ट वर्षांची आहे. ती खाली उतरली आणि माझ्या पट्ट्याकडे पाहत उभी राहिली. आयझॅकही आला. त्याने कडीवरून अंगठा फिरवला आणि त्याचा चेहरा बदलला.

"घोड्याला असे नाल घालून तू त्याला या चढावर चढवशील?" त्याने विचारले.

या भागात हिवाळ्यात घोड्यांच्या नालांना टोकदार खिळे मारतात, म्हणजे खूर बर्फात रुततो. हे काम करतच आयझॅक म्हातारा झाला. त्याच्याकडे तसे खिळे डबाभर होते, वेल्डिंगचे यंत्र होते आणि वीज नसली तरी जनरेटर होता. दर दहाव्या कडीवर एकेक खिळा जोडू, तो म्हणाला. माझ्या कड्यांचे लोखंड हट्टी आहे, काही खिळे तुटतील, पण चढ पार होईपर्यंत निभावेल. एवढे सांगून तो थांबला. परवान्यातली अट त्याला पाठ होती, कारण नोराने ती त्याला निदान वीसदा वाचून दाखवली होती.

"नंतर ते कागद परत मागतील," तो म्हणाला. "मग ही अंगणातच राहील."

मित्रांनो, मी गोठ्यात चाळीस वर्षे काढली आहेत. अंगण म्हणजे काय ते मला ठाऊक होते.

नोरा म्हणाली, "दोन्ही बाजूंना सारखे मार. एक जरी कमी-जास्त झाला तर ही कडेला ओढेल."

बारा वाजायला दहा मिनिटे होती. दोघे बर्फात गुडघे टेकून बसले. तो जोडायचा, ती मोजायची; मग गाडी हातभर पुढे घ्यायची आणि पुन्हा तेच. आयझॅक शिव्या देत होता, थंडीला आणि मला. नोरा आकडे म्हणत होती. सव्वा वाजता दोन्ही बाजू पुऱ्या झाल्या.

या वेळी आयझॅक शेजारी बसला. त्या बर्फाच्या काचेत माझा पहिला खिळा रुतला, तेव्हा सगळ्या अंगातून कर्र असा आवाज गेला. नोरा सुकाणूला जेमतेम स्पर्श करत होती. चढाच्या मध्यावर डावीकडचे दोन खिळे उडाले आणि मी रस्त्याच्या कडेच्या भिंतीकडे झुकले. तिने पट्टा रोखला नाही. आधीची चूक तिने पुन्हा केली नाही. तिने वेग कमी केला आणि मला माझ्या चालीने जाऊ दिले. आम्ही वर पोहोचलो.

शेवटच्या घराशी आलो तेव्हा दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. सिलिंडर आत गेले. मी धुक्यात बाहेर उभी होते, इंजिन टिकटिकत निवत होते. बऱ्याच वेळाने आयझॅक बाहेर आला, माझ्या चेपलेल्या कडेवर बसला आणि हसतच रुमाल काढून त्याने नाक शिंकरले. डायनाबाई बऱ्या आहेत, हे मला त्यावरून कळले.

दुसऱ्याच दिवशी नोराने रस्ते खात्याला स्वतः होऊन पत्र लिहिले. बर्फ वितळल्यावर एक इंजिनिअरबाई टेप घेऊन आल्या. चॅपलच्या चढावर पायथ्यापासून माथ्यापर्यंत चऱ्यांच्या दोन ओळी होत्या. त्यांनी प्रत्येक चरा मोजला, खोली लिहून घेतली. आयझॅकने त्यांना चहा दिला आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाची थट्टा केली नाही. उत्तर यायला पाच आठवडे लागले. खिळे ईस्टरपूर्वी काढून टाकावेत, असे त्यात होते. आणि पुढे असा प्रसंग आला तर आधी फोन करावा, परवानगी तोंडी मिळेल, असेही होते. नोराने ते पत्र माझ्या शेजारी उभे राहून दोनदा वाचले.

जुलैच्या जत्रेत मी नेहमीसारखी उभी होते. पाठीवर लहान सिलिंडर अडकवून एक बाई हळूहळू आल्या. मला त्यांनी कधी पाहिले नव्हते. फक्त धुक्यातून माझा आवाज ऐकला होता. त्यांनी मला पुढून पाहिले, मागे जाऊन पाहिले आणि त्या नोराला म्हणाल्या, "एवढीशीच आहे होय? आवाजावरून वाटलं होतं, घराएवढी असेल."

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादे जुने यंत्र असेल. त्याला तेल घाला, गंज चढू देऊ नका, आणि शक्य असेल तर ते चालते ठेवा. पण एवढ्यावर थांबू नका. त्याला काय जमत नाही, हेही जाणून घ्या. मला ते कुणी विचारले नव्हते आणि मला सांगता येत नव्हते. ज्या दिवशी ते उघड झाले, त्या दिवशी मला भिंतीशी टाकून कुणी निघून गेले नाही. दोन म्हातारी माणसे बर्फात गुडघे टेकून माझ्या पायांशी बसली. एखाद्या गाडीने याहून जास्त काय मागावे?