काठीला किती, रिळाला किती

मशीनताईंचा धाकटा दीर दुकानात शिरला तेव्हा ताई एका जुन्या शिलाई मशीनच्या पोटात जवळजवळ डोकं घालून बसल्या होत्या. तीस वर्षं मशीनं दुरुस्त करून करून त्यांचं खरं नाव गल्ली विसरून गेली होती. लहानथोर सगळे त्यांना मशीनताईच म्हणत.

"वहिनी, रविवारी काय करताय?"

"झोपतेय," मशीनच्या आतूनच उत्तर आलं.

"झोपू नका. माझ्याबरोबर तलावावर चला. बास मासे पकडायची स्पर्धा आहे."

ताईंनी डोकं बाहेर काढलं. त्यांच्या नाकावर तेलाचा डाग होता. दीर शहरात बस चालवायचा आणि सुटीच्या दिवशी छोटी मोटरहोडी. दर वर्षी तो या स्पर्धेत एका मित्राबरोबर उतरायचा. तो मित्र परवा न्हाणीघरात घसरला आणि आता पाय प्लास्टरमध्ये घालून बसला होता. एका होडीत दोन माणसं हवीतच, नाहीतर नाव रद्द.

"तुमच्या दादांना न्या की."

"दादाला? भरलेली बादली बघून मळमळतं त्याला!"

हे खरंच होतं. ताईंनी स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. लहानपणी त्या ओढ्यावर वेळूच्या काडीला दोरा बांधून बसायच्या, त्याला चाळीस वर्षं झाली असतील. तेव्हा एकही मासा लागला नव्हता, पण दोरा हलला की पोटात जे काही व्हायचं, ते त्यांना एकदम आठवलं.

"मला गळ कोण देणार? तुमच्या मित्राचा आहे ना?"

"तो एकवेळ प्लास्टरमधला पाय काढून देईल, काठी द्यायचा नाही. तुम्हाला नवीनच घ्यावी लागेल. काठी आणि रीळ. आणि वहिनी, घ्यायचं तर चांगलं घ्या. वीस हजार तरी ठेवा. त्यातले पंधरा रिळाला. रीळ म्हणजे सगळं काही."

वीस हजार! एवढ्यात एक चांगलं वापरलेलं मशीन आलं असतं.

रात्री जेवताना त्यांनी नवऱ्यापुढे विषय काढला. नवरा ग्रंथपाल, आवाज कधी चढायचा नाही. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"दोन हजारांत होईल की. आणि मासा किती मोठा असतो?"

"हातभर. पण तो मोजून परत पाण्यात सोडायचा असतो."

नवऱ्यानं चमचा ताटात ठेवला. "म्हणजे पैसे द्यायचे, मासा धरायचा, आणि घरी आणायचा नाही?"

"नाही."

"मग घे बाई, पाहिजे तेवढ्याचं घे. जिथे हिशोबच लागत नाही तिथे मी काय बोलू? हौसेला मोल नसतं म्हणतात ते हेच असावं."

तो हसून बोलला, पण ताईंना झोप येईना. आजवर त्यांनी शेकड्यांनी हत्यारं विकत घेतली होती. पाना घेताना, पकड घेताना मनात एकच प्रश्न असायचा: यानं किती मशीनं दुरुस्त होतील? त्यावरून किंमत परवडते की नाही ते लगेच कळायचं. या काठीनं काय दुरुस्त होणार होतं? काही नाही. फक्त मजा येणार होती. आणि मजेला किती द्यायचे, हे त्यांना कधी कुणी शिकवलंच नव्हतं.

शुक्रवारी दुपारी ताई आणि दीर गळांच्या दुकानात गेले. दुकानदार म्हातारा होता, चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा टेबलावर शोधत होता. भिंतीला शंभरेक काठ्या उभ्या होत्या. काचेच्या कपाटात रिळं चमकत होती, निळी, तांबडी, सोनेरी.

"बाईंसाठी? बासचा गळ?" दुकानदारानं तीन रिळं काढून समोर मांडली. "हे बावीसशेचं. हे सहा हजारांचं. आणि हे सोळाचं."

"सोळाचंच," दीर म्हणाला.

ताईंनी सोळा हजारांचं रीळ हातात घेतलं. पिसासारखं हलकं. मूठ फिरवली, लोण्यातून सुरी जावी तशी फिरली. मग त्यांनी सहा हजारांचं कानाशी धरून फिरवलं. मग बावीसशेचं. ते कानाशी नेताच त्यांचा चेहरा आंबट झाला.

"उघडून बघू का?"

"काय उघडून?"

"हे तिन्ही."

दुकानदारानं दिराकडे पाहिलं. दिरानं छताकडे पाहिलं. ताईंनी तोवर पर्समधून छोटा स्क्रू-ड्रायव्हर काढलासुद्धा होता.

"बाई, चाळीस वर्षांत असं कुणी..."

"एकही स्क्रू इकडचा तिकडे होणार नाही. झाला तर तिन्ही मी विकत घेते."

म्हाताऱ्याचा चष्मा कपाळावरून आपणहून नाकावर आला. त्यानं पांढरा रुमाल पसरला आणि स्वतःच स्टूल ओढून शेजारी बसला.

पाच मिनिटांत तिन्ही रिळांची आतडी रुमालावर मांडलेली होती. ताईंच्या गालांवर लाली चढली होती. हे तर त्यांचंच जग होतं! इवलीइवली दातेरी चाकं, आस, कमानी, आणि मधोमध दोरा गुंडाळायची फिरकी. "अहो भाऊजी, हे तर माझं बॉबिनच आहे! आणि ही इथली चकती म्हणजे टेन्शन. दोरा किती सैल सुटायचा ते ही ठरवते. मशीनवर असतं तेच!"

"वहिनी, हळू बोला, लोक बघतायत."

"बघू द्या. हे बघा, बावीसशेच्याचं चाक मऊ धातूचं आहे, दोन मोठे मासे ओढले की दात झिजतील. सहावाल्याचं पितळेचं, चांगलं जाड. आणि सोळावाल्याचं?" त्यांनी दोन्ही चाकं शेजारी ठेवली. "पितळेचंच. जवळजवळ एकसारखं. बेअरिंग जास्त आहेत, अंग हलकं आहे, रंग सुंदर आहे. चूक काही नाही त्यात. पण दहा हजार जास्त देण्यासारखं माझ्या हाताला तरी काही लागत नाही."

दुकानदार खळखळून हसला. "मी हे गिऱ्हाइकांना सांगत नाही एवढंच. बाई, तुम्ही दुकान सांभाळायला येता का?"

तिन्ही रिळं परत जोडून झाली. एक स्क्रूही उरला नाही. दिराचा जीव भांड्यात पडला.

"झालं तर मग. सहाचं रीळ, आणि काठी कुठलीही स्वस्तातली," तो म्हणाला.

"थांबा," दुकानदार म्हणाला. आता तोही रंगात आला होता. "बाई, तुम्ही हातानं ऐकता ना? मग ही धरा. डोळे मिटा."

त्यानं एक काठी ताईंच्या हातात दिली आणि तिचं टोक स्वतःच्या गळ्याला टेकवून काहीतरी पुटपुटला. ताईंना काहीच जाणवलं नाही. "ही पंधराशेची," तो म्हणाला. दुसरी दिली. मुठीत मधमाशी अडकल्यासारखं गुणगुणलं. "ही चार हजारांची."

मग तिसरी. काठी बोटांत आहे की नाही असं वाटावं इतकी हलकी. म्हाताऱ्यानं टोक गळ्याला लावलं, आणि ताईंच्या तळव्यात त्याचं बोलणं उमटलं. शब्द कळत नव्हते, पण कुठे थांबला, कुठे जोर दिला, कुठे आवंढा गिळला, सगळं. त्यांच्या दंडापर्यंत काटा आला.

"पुन्हा बोला!"

तो पुन्हा बोलला. त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते लहान मुलीसारखे चमकत होते.

"हिची किंमत?"

"साडेनऊ."

"द्या."

"वहिनी!" दीर ओरडलाच. "उलटं झालं हे! सगळं जग रिळाला जास्त देतं!"

"भाऊजी, मासा पाण्याखाली काय करतोय ते मला रीळ सांगणार आहे का? रिळानं दोरा नीट सोडायचा आणि नीट ओढायचा, बस. सांगणार ही काठी. ऐकायला येत नसेल तर मी तिथे बसून करू काय?"

साडेपंधरा हजार त्यांनी मोजून दिले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचंही काम न होणारं हत्यार विकत घेतलं होतं, आणि गंमत म्हणजे छातीत जरासुद्धा धस्स झालं नाही. उलट दुकानातून बाहेर पडताना पाय जमिनीला लागत नव्हते.

शनिवारी संध्याकाळी ताईंच्या दुकानामागच्या मोकळ्या अंगणात सराव झाला. वीस पावलांवर बादली ठेवली. दिरानं टोकाला शिशाचं वजन बांधून दिलं आणि उपदेश सुरू केला. "रिळावर अंगठा ठेवायचा. वजन खाली टेकायच्या आत अंगठा दाबायचा. चुकलात तर दोऱ्याचं असं घरटं होईल की कात्रीशिवाय इलाज नाही."

पहिल्याच फेकीला घरटं झालं. चांगलं मुठीएवढं.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" दीर कात्री आणायला वळला.

"कात्री कशाला? रोज असली पाच सोडवते मी." त्या पायरीवर बसल्या, दोन फेरे मागे, एक पुढे, नखानं एक धागा उचलला, आणि घरटं सुटून मोकळं झालं. मग टेन्शनची चकती चिमूटभर आवळली. दुसरी फेक भिंतीवर गेली. तिसरी नवऱ्याच्या खिडकीच्या गजाला गुंडाळली. त्यानं दोरा सोडवून वजन खाली टाकलं. पंधरावी बादलीच्या कडेला लागून टण्णकन वाजली, आणि शेजारपाजारचे गॅलऱ्यांत आले. अंधार पडेपर्यंत ती बादली सतरा वेळा वाजली.

रविवारी उजाडता उजाडता बावीस होड्या तलावाच्या काठाला लागलेल्या होत्या. पाण्यावर धुकं होतं. शिट्टी वाजली आणि सगळ्या मोटरी एकदम गुरगुरल्या. दुपारी दोनपर्यंत जो मासा मिळेल तो मापाच्या पट्टीवर ठेवून फोटो काढायचा, मग पाण्यात सोडायचा. सगळ्यात लांब पाच माशांची बेरीज धरायची.

दिरानं होडी बुडालेल्या झाडांच्या कडेला नेली. तासाभरात त्याला दोन मासे लागले. ताईंना काहीच नाही. त्यांच्या गळाला लावलेला रबरी किडा तळाशी घासत येत होता आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

"झोप लागली का, वहिनी?"

"शू! वाळू आहे इथे. आता दगड. आता... हे काय? शेवाळ. मऊ आहे."

"एवढं सगळं कळतंय?" दिरानं आपली काठी-रिळाची महागडी जोडी खाली घेऊन त्यांच्याकडे बघितलं.

तेवढ्यात काठीत टक् झालं. एकदाच. दारावर कुणी नखानं टिचकी मारावी तसं. ताई दचकल्या. त्यांनी काठी सपकन वर खेचली, जरा जास्तच जोरात, आणि रिकामा किडा पाण्यातून उडून दिराच्या टोपीला चिकटला.

"गेला!" त्या कळवळल्या. "होता, भाऊजी, खरंच होता!"

"असणारच. घाई झाली. पुढच्या वेळी आधी दोरा ताणून घ्या, मग ओढा." टोपीतला गळ काढता काढता तो हसत होता.

पुढची वेळ साडेदहाला आली. आधी टिचकी, मग दोरा हळूच बाजूला चालू लागला. ताईंनी श्वास रोखला, सैल दोरा गुंडाळला, आणि ओढलं. काठी कमानीसारखी वाकली. रिळाची चकती करकरली, दोरा सरसर सुटू लागला.

"भाऊजी! भाऊजी, हा मला ओढतोय!"

"ओढू द्या! ओढू द्या त्याला! काठी वर! झाडात जाऊ देऊ नका!"

तीस हातांवर पाणी फुटलं. हिरवागार, रुंद जबड्याचा मासा सगळाच्या सगळा हवेत आला, डोकं झटकलं आणि धाडकन पडला. ताई किंचाळल्या. शेजारच्या होडीतले दोघं काठ्या सोडून उभे राहिले. मासा होडीखाली शिरला. ताईंनी गुडघ्यावर बसून काठीचं टोक पाण्यात खुपसलं आणि दोरा होडीच्या तळाला घासण्यापासून वाचवला. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. दोरा कुठे घासतो आणि कुठे तुटतो एवढं मात्र त्यांना कळत होतं.

दिरानं माशाचा खालचा ओठ अंगठ्यानं धरून त्याला वर घेतलं. दोघंही धापा टाकत होते. पट्टीवर ठेवून फोटो काढला: चोपन्न सेंटिमीटर.

"वहिनी," दीर बसक्या आवाजात म्हणाला, "बारा वर्षांत मी चोपन्नचा पाहिलेला नाही."

"द्या माझ्याकडे." ताईंनी ओठ धरला. मांजराच्या जिभेसारखा खरखरीत. मासा पाण्यात धरल्यावर तो क्षणभर तसाच राहिला, कल्ले उघडझाप करत, आणि मग शेपटीचा एक फटका मारून त्यांना नखशिखांत भिजवून गेला. त्या पाणी गळत बसल्या आणि इतक्या हसल्या की होडी डुगडुगायला लागली.

दोन वाजेपर्यंत ताईंना आणखी एक छोटासा लागला, दिराला दोन. पाच माशांची बेरीज झाली आणि होडी नवव्या नंबरावर आली. सगळ्यात लांब माशाला वेगळं बक्षीस नव्हतंच. दिराला हळहळ वाटली. ताईंना नववा नंबर म्हणजे काय हेसुद्धा धड ऐकू गेलं नाही. त्या काठावरच्या मंडपाच्या कडेला उभ्या राहून, शेजारच्या होडीतल्या दोघांना मासा कसा वळला ते दोन्ही हातांनी दाखवत होत्या.

"चला, वहिनी, आवरू या. पोटात कावळे ओरडतायत."

"मोटर चालू करा."

"कशाला? स्पर्धा संपली."

"स्पर्धा संपली, मासे थोडेच संपलेत? त्या बुडालेल्या झाडांपाशी आता एकही होडी नसेल, भाऊजी. फक्त एक फेक. शेवटची."

दिरानं सुस्कारा सोडला आणि होडी वळवली. ती शेवटची फेक साडेचारला झाली, तीच परत पाचला झाली, आणि सहा वाजता ताईंनी त्याला नवीन किडा लावायला सांगितला.