डाव्या चाकाचा आवाज

डॉक्टर वजदींची गाडी गुरुवारी दुपारी गॅरेजात आली, तेव्हा म्हातारे मिस्त्री उस्ता जाबिर दारापाशी स्टुलावर बसून वाफाळता ग्लास दोन्ही हातांत धरून चहा पीत होते. इजिप्तमधल्या झगाझीग शहराच्या त्या गल्लीत पन्नास वर्षं लोखंड ठोकून त्यांचे कान गेले होते. एके काळी गाडी वळणावर यायच्या आत ते सांगत, कुठला नट ढिला आहे. आता शेजारच्या मशिदीतली बांगसुद्धा त्यांना लोकांच्या पावलांवरून कळे.

गॅरेज दोन वर्षांपूर्वी त्यांनी जावयाच्या, रिफअतच्या नावावर करून दिलं होतं. एकुलत्या एका मुलीचा, नवालचा संसार म्हणून.

"वळवताना पुढून आवाज येतो," डॉक्टर सांगत होते. लोकांचे दात उपटणारा माणूस, पण स्वतःच्या गाडीपुढे अगदी लहान झालेला. "सुपारी फोडल्यासारखा. एकदाच, टक्. पूर्ण वळवलं की."

"एक्सल," रिफअत वाकूनही न बघता म्हणाला. "डोळे मिटून सांगतो." मग समोरच्या टायरवाल्या आतिफकडे बघून त्याने डोळा मारला. "थांबा, आमच्या हाजींना विचारू. त्यांच्या कानाची कीर्ती तुम्ही ऐकली असेल."

रोजचाच खेळ होता तो. त्याने सासऱ्याला खांद्याला धरून उठवलं, गाडीपाशी आणलं, स्टिअरिंग गरगर फिरवलं आणि तोंड मोठं करून विचारलं, "कुठून येतोय, हाजी? डावीकडून की उजवीकडून?" आणि तोंड फिरवून हळूच, "सांग म्हाताऱ्या, अंदाजपंचे."

आतिफच्या दुकानातली माणसं हसली. हसू ऐकू येत नसलं तरी दिसतं. जाबिरांनी बाही वर सारली, डाव्या चाकाच्या वरून हात आत घातला आणि शॉकअपच्या स्प्रिंगवर तळवा टेकवला. मोकळ्या हाताने त्यांनी फिरवण्याची खूण केली. स्प्रिंग थोडी वळली, अडली, ताणली गेली आणि एकदम उसळून सुटली. तळव्याला तो झटका असा लागला की त्यांना आपल्या जुन्या कानांची आठवण झाली.

"शॉकअपचं वरचं बेअरिंग जाम झालंय," ते म्हणाले. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते फार मोठ्याने बोलत. "गाडी उभी असताना आवाज येतोय. एक्सल फिरतच नाही, तर वाजेल कसा? एक्सलला हात लावू नका."

डॉक्टर कपाळ पुसत रस्त्यापलीकडे फोनवर बोलायला गेले होते. त्यांनी हे ऐकलं नाही. रिफअतने ऐकलं, आतिफने ऐकलं. रिफअतच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त ते डोळ्यांतून गेलं.

"जी हाजी," तो म्हणाला. आणि संध्याकाळी, सासरा घरी गेल्यावर, त्याने एक्सल बदलला.

मंगळवारी डॉक्टर परत आले. नवाल त्याच वेळी डबा घेऊन आली होती, भरलेली वांगी आणि भाकरी.

"आवाज जसाच्या तसा आहे," डॉक्टर म्हणाले. "रुग्ण ताटकळत ठेवून दोन दिवस पायी फिरलो मी, ते कशासाठी?"

रिफअतने हात पसरले. "डॉक्टरसाहेब, मी बेअरिंग म्हणत होतो. पण सासरे अडून बसले, एक्सलच बदल म्हणून. वडीलधारा माणूस. त्यांचा मान ठेवला, ही माझी चूक."

डॉक्टर ताडताड जाबिरांसमोर गेले. "ऐकू येत नाही तर घरी बसावं माणसाने. लोकांच्या गाड्यांशी का खेळता?"

जाबिरांना फक्त हलणारे ओठ दिसले. गाडी बरी झाली असणार, माणूस मुद्दाम सांगायला आला असणार, असं त्यांना वाटलं. ते उठले, छातीवर हात ठेवून किंचित झुकले आणि हसले.

"हसतायत बघा," डॉक्टर म्हणाले.

या खेपेला कोणी हसलं नाही. आतिफ मान खाली घालून टायरला ठिगळ घासत राहिला. जाबिरांनी मुलीकडे पाहिलं. "काय म्हणतायत गं?"

नवालने नवऱ्याकडे पाहिलं. मग एकेक शब्द ओठांवर नीट मांडत ती म्हणाली, "आभार मानतायत, बाबा."

पण डॉक्टरांचा चेहरा आभाराचा नव्हता. जाबिरांची नजर गाडीखाली गेली. चाकामागे कोरा एक्सल चकाकत होता, जुना कोपऱ्यात पडला होता. त्यांना सगळं कळलं. मुलीचंही कळलं.

त्यांनी डॉक्टरांचं मनगट धरलं, त्यांचा स्वच्छ हात चाकावरून आत नेऊन स्प्रिंगवर ठेवला आणि म्हणाले, "नवाल, बस. स्टिअरिंग फिरव."

"बस की," रिफअत बायकोला हळू आवाजात धमकावत म्हणाला. "बस तर खरी."

नवाल डबा छातीशी धरून जागीच उभी राहिली. जाबिरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग ते स्वतः आत बसले आणि स्टिअरिंग फिरवलं. काचेतून त्यांना दिसलं, डॉक्टरांचा हात दचकून मागे आला. डॉक्टरांनी हाताकडे पाहिलं, मग रिफअतकडे.

"बेअरिंगच आहे," रिफअत म्हणाला. "मी म्हटलं नव्हतं? तासाभरात देतो."

डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं. गाडी इथेच दुरुस्त व्हायची होती आणि दवाखान्यात माणसं बसली होती. तासाभराने गाडी मुकाट वळली. जाताना त्यांनी हात हलवला तो रिफअतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाबिर गॅरेजचे कपडे घालून निघाले, तर नवाल दारात उभी होती. तिच्या हातात नातीच्या वहीचं पान होतं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं. 'बाबा, गिऱ्हाइकं तक्रार करतात. आजपासून तुम्ही घरीच राहा.'

"हे कोण म्हणतं? तो की तू?"

नवालने पान परत घेतलं, भिंतीला टेकवलं आणि खाली लिहिलं, 'मी.'

जाबिरांनी तिच्या चेहऱ्याकडे पुष्कळ वेळ पाहिलं. ओठ वाचायला ते शिकले होते, पण ते ओठ मिटलेले होते. त्यांनी गॅरेजची किल्ली खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली आणि दारातच वाकून बुटांचे बंद सोडू लागले.