पाऊणपट

"सगळी चिन्हं धरून चोवीस!" कोकिळाने कॉम्प्युटरच्या पडद्यावर बोट ठेवून पुन्हा मोजलं. "उद्या देणारे. कुणाला सांगू नका हां, सर."

"मी कशाला सांगतोय, ताई!" विनेश सर म्हणाले. वाकून बघत मात्र बराच वेळ राहिले.

मुरुडच्या कॉलेजात कोकिळा अठरा वर्षं कॉम्प्युटर लॅबची मदतनीस. मशीन बिघडलं की हाक तिला, सुरू झालं की शाबासकी सरांना. यंदाच्या स्पर्धेत कोडं होतं: तिथी दिली की भरतीची वेळ सांगणारा प्रोग्राम लिहा, ज्याची अक्षरं सर्वांत कमी, तो पहिला. कर्मचाऱ्यांनाही मुभा होती. प्राध्यापक मंडळींनी तिथींची लांबलचक कोष्टकं भरली. हिने बापाचा हिशोब घातला. तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास निघतात. बापाने, मोरू कोळ्याने, याच्यावरच जन्मभर होडी लोटली. एकदा तरी आपलं नाव माइकवर पुकारलं जावं, एवढीच तिची हौस होती.

निकालाला तिने मोरूला धुवट सदरा घालून पहिल्या रांगेत आणून बसवलं.

"पहिला क्रमांक, तेवीस अक्षरं, विनेश सर!"

पडद्यावर तिचीच ओळ होती. शून्य पूर्णांक पंच्याहत्तरमधलं सुरुवातीचं शून्य तेवढं गाळलेलं. नुसत्या पॉइंटपासून लिहिलं तरी मशीनला चालतं, हे तिला सुचलंच नव्हतं. उठून ओरडावं, तर तेवीस हे चोविसाहून कमी, हे तिलाही नाकारता येईना. दुसऱ्या नंबराचं नाव पुकारायची पद्धत नव्हती.

"सुचलं कसं हो?" प्राचार्यांनी कौतुकाने विचारलं.

"आमच्या आजोबांचा हिशोब, सर. तिथीची पाऊणपट केली की भरतीचे तास!"

तळा गावच्या डोंगरातले त्यांचे आजोबा, त्यांना कुठली भरती-ओहोटी! केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. कोकिळाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. विनेश सरांनी पहिल्या रांगेकडे एकदाही पाहिलं नाही.

मोरू मात्र खुशीत टाळ्या वाजवत होता. "आयकलंस गो? आपलाच हिशोब हाय! त्याचा आजा कंच्या बंदरावरचा?"

"बंदरावरचा न्हाय, बाबा."

"मंग त्याला शिकवला कोनी?"

"मीच."

मोरूचे हात तिथेच थांबले. त्याने ते सावकाश खाली घेतले आणि मांडीवर ठेवले. मागच्या रांगांतल्या टाळ्या अजून चालूच होत्या.