वाटीबाईंनी खोडलेलं कलम

सरकारी रुग्णालयात त्यांना सगळे वाटीबाई म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, आणि बाईंना ते पक्कं ठाऊक होतं. खुर्चीत माणूस बसला की, "काल सकाळपासून काय काय खाल्लंत?" एवढंच विचारायचं, टेबलावरची स्टीलची वाटी त्याच्यापुढे सरकवायची आणि हिच्या मापानं किती ते सांगा म्हणायचं. चौतीस वर्षं हेच. माणूस सकाळच्या चहाबद्दल खरं बोलतो आणि संध्याकाळपासून थापा मारायला लागतो, हे बाईंना त्याच्या पापण्यांवरून कळे. त्या रागवत नसत. वाटी तेवढी आणखी बोटभर पुढे सरकवत.

बाई आहारतज्ज्ञ. पण अशी पाटी लावायला त्या काळी काही लागत नसे. टॅक्सी चालवायला परवाना, केस कापायच्या दुकानाला परवाना. दुसऱ्याच्या पोटात काय जावं हे सांगायला मात्र नुसती जीभ पुरे. बसस्टँडसमोर मधुमेहावरची पावडर विकणाऱ्या पावडरवाल्यानं अशीच पाटी ठोकली होती. त्यानं एका शाळामास्तरांचं इन्सुलिन बंद करून त्यांना पावडरीवर ठेवलं. मास्तर स्ट्रेचरवरून आले आणि पाचव्या दिवशी गेले. त्यांची बायको पावडरीचा डबा घेऊन बाईंसमोर उभी राहिली. म्हणाली, "तोही आहारतज्ज्ञच ना हो? तुमच्यासारखाच?"

तो 'तुमच्यासारखाच' बाईंच्या जिव्हारी लागला. त्या दिवसापासून कायद्याचं वेड घेतलं: नोंदणी हवी, परवाना हवा, त्याशिवाय ही पाटी कुणी लावायची नाही. संघटना काढली. पहिल्या सभेला चाळीस जण, चहा कमी पडला. दहा वर्षांनी चौघं. पुढे पुढे बाई एकट्याच जात, पंखा लावत आणि इतिवृत्तात लिहीत, 'उपस्थित: एक. सभा खेळीमेळीत पार पडली.' रविवारी थोरल्या ताईचा फोन यायचा. मागून मेहुणे ओरडायचे, कायद्याचं लग्न ठरलं का म्हणून विचार तिला. बाईंचं स्वतःचं लग्न ठरायचं वय केव्हाच सह्या गोळा करण्यात गेलं होतं, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातही नसे. बाई हसायच्या आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तिथंच बसून राहायच्या.

बावीस वर्षांनी सरकारनं समिती नेमली. मसुदा बाईंनीच लिहिला. परवान्याला पदवी सक्तीची केली. पण बाईंच्या काळी या विषयाची पदवीच नव्हती, त्यांच्याकडे होती जुनी दोन वर्षांची पदविका. म्हणून त्यांनी खाली एक कलम घातलं: किंवा पंधरा वर्षांच्या अनुभवाचा दाखला. ते कलम म्हणजे त्या स्वतः. बाकी जुनी मंडळी एक तर निवृत्त झाली होती नाही तर देवाघरी गेली होती.

समितीपुढच्या सुनावणीच्या सकाळी बाईंसोबत रुग्णालयातली धाकटी आहारतज्ज्ञ होती. त्यांच्याच हाताखाली शिकलेली, पदवीवाली. आणि समोरच्या बाकावर कोण, तर पावडरवाला. इस्त्रीचा कोट, मांडीवर फाईल. कायद्याला आपला मनापासून पाठिंबा आहे, असं त्यानं सांगितलं आणि कुठल्याशा खासगी क्लिनिकचा सोळा वर्षांच्या अनुभवाचा दाखला पुढे केला. बाईंनी स्वतःसाठी ठेवलेल्या दारातून हा मेला आधी आत येणार होता, आणि तोही सरकारी शिक्क्यासकट.

फक्त सरकारी रुग्णालयांचाच अनुभव धरा, असं बाईंनी सुचवून पाहिलं. समितीच्या सचिवांनी नकारार्थी मान हलवली. असं नवं कलम घालायचं तर मसुदा परत जाणार, आणि मग तो केव्हा येईल कोण जाणे. आहे ते कलम ठेवा नाही तर काढा, आज एवढंच होईल.

"काढलं तर कुणा खऱ्या माणसाचं नुकसान होईल का?" सचिवांनी विचारलं. "मसुदा तुमचा आहे, तुम्हीच सांगा."

धाकटीनं टेबलाखालून बाईंचा हात घट्ट धरला.

"कुणाचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांची पापणी लवली, आणि ती धाकटीनं पाहिली. बाईंनी हात सोडवून घेतला, पेन मागितलं आणि कलमावर आडवी रेघ मारली.

कायदा झाला. पावडरवाल्याची पाटी उतरली, तिथं चपलांचं दुकान आलं. बाई मुद्दाम त्या रस्त्यानं गेल्या, पाहून आल्या. फार बरं वाटलं आणि ते सांगायला कुणी नव्हतं. रविवारी ताईला सांगायचं ठरवलं होतं, पण फोन भाचीच्या परीक्षेवरच संपला. नोंदणीचा पहिला क्रमांक धाकटीला मिळाला. बाईंच्या दारावरची पाटीही शिपायानं स्क्रू काढून खाली घेतली. निवृत्तीला दोन वर्षं होती, तोवर बाहेरच्या खोलीत बसून उंची-वजनं लिहायची असं ठरलं. बाईंनी एका शब्दानं तक्रार केली नाही.

सकाळी काटा तपासायला आधी आपण त्यावर उभं राहायचं आणि आकडा वहीत लिहायचा, ही बाईंची जुनी शिस्त. आठेक महिने गेले असतील. धाकटीनं सहज ती वही चाळली आणि चाळता चाळता थांबली. नऊ किलो उतरले होते, बाईंच्याच टपोऱ्या अक्षरात.

तिनं बाईंना आत बोलावलं, दार लावलं आणि रुग्णाच्या खुर्चीत बसवलं. बाईंना वाटलं, काही चुकलं की काय.

"बाई, काल सकाळपासून काय काय खाल्लंत?"

चौतीस वर्षांत हे बाईंना कुणी विचारलं नव्हतं. सकाळी चहा घेतला, त्या म्हणाल्या. दुपारी पोळी-भाजी. संध्याकाळी वरण, भात, थोडी कोशिंबीर.

धाकटीनं वाटी बोटभर पुढे सरकवली.

बाई वाटीकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले.

"संध्याकाळी काही नाही गं," त्या म्हणाल्या. "दुपारीही नाही. एकटीसाठी काय मांडायचं?"

धाकटीनं ते तसंच कागदावर लिहून घेतलं आणि खाली सहीसोबत आपला नोंदणी क्रमांक टाकला: एक.