मास्तरांच्या कमरेचं माप

मी मापाची टेप बोलतेय. हो, तीच, शिंप्याच्या गळ्यात दिवसभर लोंबकळणारी. कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पत्रा ठोकला आणि मास्तरांनी दुकान थाटलं त्या दिवशी मी त्यांच्या गळ्यात पडले ती पडलेच.

माणसं भारी लबाड असतात हो! मी कमरेभोवती आले की पोट आत ओढतात. मग पँट शिवून नेली की दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन हजर, घट्ट झाली म्हणून. मला हसू आवरत नाही.

मास्तरांची कंबर मात्र कुणी मोजतच नसे. त्यांचे कपडे मास्तरीणबाई बघायच्या. काज-बटणं, तुरपाई हेही त्यांचंच काम. मास्तर दिवसभर मशीनवर बसलेले, चहासोबत काहीतरी तळलेलं चालूच. हळूहळू त्यांना धाप लागायला लागली. मी छातीवरच असते, मला ऐकू यायचं.

एकदा एक डॉक्टर कोटाची ट्रायल आणि नव्या पँटचं माप द्यायला आले. त्यांच्या पायाची लांबी घ्यायला मास्तर वाकले आणि लालबुंद होऊन उठले. डॉक्टरांनी कोट तसाच अंगात ठेवून बॅगेतून यंत्र काढलं आणि मास्तरांच्या दंडाला पट्टा गुंडाळला. प्रेशर बरंच वाढलेलं निघालं. वजन किती वाढलं, त्यांनी विचारलं.

मास्तर ठामपणे म्हणाले, "वजन? छे! वर्षानुवर्षं त्याच पँटा घालतोय. एकही घट्ट झालेली नाही."

मागे मास्तरीणबाईंची सुई थांबली. "अहो, मी दर वेळी कंबर उसवून सैल करत आलेय. तुम्हाला काचू नये म्हणून."

घ्या! शिंप्याच्या घरातच असली गंमत होऊ शकते. शिवणीच्या आत जास्तीचं कापड भरपूर सोडलेलं, आणि मास्तर दुपारी पेंगले की बाई गुपचूप काम उरकायच्या.

मग मी पहिल्यांदा मास्तरांच्या कमरेभोवती गेले. आकडा वाचून त्यांचा चेहरा उतरला. त्यांचे वडीलही शिंपीच. प्रेशरकडे दुर्लक्ष केलं, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. पुढे ते कात्री समोर ठेवून नुसते बघत बसायचे.

"डॉक्टरसाहेब, माझा हात जायला नको," मास्तर हळूच म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि बजावलं, की नुसत्या गोळीवर भागणार नाही, वजन उतरवा. थोडं उतरलं तरी प्रेशरला फरक पडतो. मीठ आवरा, तळलेलं सोडा, रोज चाला.

मास्तर शिवलेले कपडे स्वतः चालत पोचवायला लागले. सुरुवातीला काय ती चिडचिड! एका शर्टाची बाही उलटी लावून बसले. दर रविवारी माप घ्यायचं ठरलं, तर एकदा आकडा हलेना म्हणून मलाच ताणून बघितलं. मी काय रबराची आहे?

पण हळूहळू कंबर आत गेली, धाप गेली. परवा डॉक्टरांनी प्रेशर बघितलं आणि खूश होऊन गोळी थोडी कमी करून दिली. आपल्या मनाने बंद करू नका, असा दमही भरला.

मी आता म्हातारी झाले. आकडे पुसट झालेत. तरी एक सांगते, तुमच्या घरात माझी एखादी बहीण ड्रॉवरमध्ये पडली असेल, तिला बाहेर काढा. ती खोटं बोलणार नाही.

काल मास्तरीणबाई माळ्यावरून कापडाचा तागा घेऊन उतरल्या आणि धापा टाकत स्टुलावर बसल्या. मास्तरांनी मला गळ्यातून काढलं.

"ये, उभी राहा."

"माझं कशाला? मला काय झालंय?"

"माझा एकट्याचा हात वाचून काय करू गं?"

बाई तागा बाजूला ठेवून उठल्या.